बेसवाला, गिरण आणि सासुरवाडी

ऑर्केस्ट्रातल्या माणसाला गाण्याचं दुसरं कडवं आठवेल याची खात्री नाही, किस्से मात्र आठवतात. कार्यक्रम संपतो, सामान टेम्पोत चढतं, कुणीतरी तंबाखू मळत म्हणतं, "आज काय झालं ठाऊक हाय का?" आणि जुन्या ढिगावर आणखी एक पडतो. आमच्या ढिगातले निम्मे दिलावरचे आहेत. उरलेले विलास सरांचे. ऑर्केस्ट्रा त्यांचा, कीबोर्डही तेच वाजवतात.

मी ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी बडवायचे विजेवरचे ड्रम, वाजवतो, दिलावर बेस गिटार. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी डुम-डुम करणारी जाड तारांची गिटार. ती वाजतेय हे लोकांना कळतही नाही. म्हणून सरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, बेसवाल्याला काम कमी, तेव्हा सामान त्यानंच उचलायचं. कीबोर्ड, स्पीकर, स्टँड, सगळं दिलावरच्या खांद्यावर. सर स्वतःचा रुमाल तेवढा उचलायचे.

दिलावरही काही गरीब गाय नव्हे. गाणं सुरू झालं की हा पुढं आणि आम्ही त्याच्या मागं पळतोय. सर चिडले की शांतपणे सांगायचा, "मी बरोबर हाय सर. गाणंच मागं पडतंय."

* * *

मग सर पुण्याला वर्कशॉपला गेले आणि येताना अ कपेला घेऊन आले. म्हणजे वाद्यं सगळी बंद, जे काय वाजवायचं ते तोंडानं. "जे तोंडाला येत नाही ते बोटाला काय येणार?" हे तिथल्या कुणाचं तरी वाक्य सरांनी आम्हाला स्वतःचं म्हणून ऐकवलं.

दिलावरला हुकूम निघाला. तालमीत गिटारला हात लावायचा नाही, सगळा बेस गाऊन दाखवायचा. आणि कबनूरच्या कार्यक्रमापर्यंत सुधारला नाही, तर बेस कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेल्या ट्रॅकवर जाणार.

कबनूर ही दिलावरची सासुरवाडी. सासऱ्यांचे तिथं यंत्रमाग आहेत आणि गल्लीच्या मंडळात त्यांच्या शब्दाला वजन आहे. "आमचे जावई गिटार वाजवतात," असं घरोघरी सांगून हा कार्यक्रम त्यांनीच ठरवला होता. आता सासुरवाडीच्या स्टेजवर जावयानं काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? दिलावरचं तोंड पहिल्यांदाच एवढंसं झालेलं मी पाहिलं.

* * *

दिलावरचं मंगळवार पेठेत सलून आहे. तो तिथंच रियाज करू लागला. तोंडानं डुम-डुम, हातात वस्तरा. डुमला वस्तरा चालायचा आणि गाण्यात जागा मोकळी असली की तोही थांबायचा.

एकदा एक पैलवान दाढीला बसला होता. दिलावर कडव्यापर्यंत ठीक आला आणि पुढची ओळच विसरला. वस्तरा गळ्यावर, दिलावर छताकडे बघत आठवतोय. पैलवानानं बराच वेळ श्वास रोखून धरला आणि मग मान न हलवता म्हणाला, "मालक, काय बी म्हणा, पर म्हणा. अर्धी दाढी ऱ्हायलीया."

* * *

आमची तालीम पिठाच्या गिरणीच्या माडीवर चालते. जागा फुकट आहे, फक्त घरी जाताना सगळे पिठात लोळून आल्यासारखे दिसतो. तिथं बिनवाद्यांचं गाणं सुरू झालं आणि सरांना स्वतःबद्दल नवीनच शोध लागला. कीबोर्डला हात न लावता ते रोज अगदी त्याच सुरात गाणं उचलायचे. "याला उपजत कान म्हणतात," सर आमची गायिका शुभांगी हिला सांगायचे. तीही बिचारी मान हलवायची.

एका सोमवारी सरांनी सूर लावला तो भलतीकडेच. पुन्हा लावला, आणखी भलतीकडे. शुभांगीचा आवाज फाटला. सरांनी सगळं दिलावरवर ढकललं. तुझा बेस पक्का नाही, तू सगळ्यांना खाली ओढतोयस, असं बरंच काही बोलले. दिलावर भिंतीला टेकून ऐकत होता. सरांचं संपल्यावर म्हणाला, "सर, आज गिरण बंद हाय."

उपजत कान म्हणजे खालच्या मोटरची घूं-घूं होती! शुभांगी हसता हसता खाली बसली आणि सरांनी तालीम तिथंच संपवली. त्या दिवसापासून सर दिलावरवर जास्तच खार खाऊन होते.

* * *

एक मात्र खरं, आणि हे सांगताना मला सरांचा रागच येतो. गाऊन गाऊन दिलावरचा बेस सुधारला. घाई गेली. जिथं गाताना दम घ्यावा लागायचा, तिथं बोटंही दम घ्यायला लागली. मला पहिल्यांदाच ऑक्टापॅड वाजवताना पळावं लागेना.

पण हा शेवटी दिलावर. कळंब्याला एका साखरपुड्यात त्यानं पहिली तार छेडली आणि मांडवातली कुत्री उठून गेली. बेस एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे. झालं होतं काय, तर पठ्ठ्यानं गिटार लावली होती गिरणीच्या सुरात! रोज तोच सूर गळ्यात, तर तारांना दुसरा कुठून येणार? आणि गिरण कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी वाजते. कीबोर्डचा सूर तेवढा वर सरकवायचं बटण असतं म्हणतात, ते सरांना अजून सापडलेलं नाही.

सरांना आयतंच कारण मिळालं. तिथल्या तिथं निकाल लागला. कबनूरला बेस ट्रॅकवर, दिलावर कोरसला. "माझ्या सासऱ्यास्नी काय सांगू?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "टाळ्या तालात वाजव म्हणजे झालं."

* * *

कबनूरला गल्ली खचाखच भरली होती. सासरे पहिल्या खुर्चीवर, शेजारी अख्खं सासर. दिलावरनं गिटार आणली होती, पण पेटी बंदच. तो कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि सासरे एकदा त्याच्याकडे आणि एकदा पेटीकडे बघत होते. मला त्याच्याकडे बघवेना.

तिसऱ्या गाण्यात लाईट गेली. कीबोर्ड मेला, माझा ऑक्टापॅड मेला, सरांचा ट्रॅक मेला. आणि आजूबाजूचे मागही थांबले. मागांच्या खडखडाटात वाढलेली गल्ली, तिला शांततेची सवयच नाही.

त्या शांततेत डुम-डुम सुरू झालं. दिलावर गात होता. सुरुवात, अर्थातच, गिरणीच्या सुरात. शुभांगीनं तोच सूर धरला, मी रिकाम्या खुर्चीवर ठेका धरला आणि दुसऱ्या कडव्याला गल्ली टाळ्या वाजवत गायला लागली. बायका, पोरं, सासू, सगळे गिरणीच्या सुरात.

लाईट आली. सरांनी घाईघाईनं मधूनच ट्रॅक लावला आणि कळंब्याचीच गत झाली. एकीकडे अख्खी गल्ली, एकीकडे सर. सासरे खुर्चीवरून उठले. मागाच्या आवाजात माणसं हातानंच बोलतात. त्यांनी सरांकडे बघून पंजा उताणा केला आणि झटक्यात मूठ वळली. मागवाल्यांच्या खुणेत याचा अर्थ, माग बंद कर. सरांनी बटण दाबून कीबोर्ड बंद केला.

कार्यक्रमानंतर सत्काराला शाल आणि नारळ आला. सरांनी मान पुढं केली होती. सासरे त्यांना ओलांडून दिलावरकडे गेले, त्याला शाल घातली, दोन्ही हातांत नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "जावई, आवाज झ्याक हाय. ते लाकूड कशाला वागवत हिंडताय?"

टेम्पोकडे जाताना दिलावर सगळ्यात पुढं होता, शाल पांघरून, नारळ छातीशी धरून. त्याच्या मागनं विलास सर चालले होते. उजव्या खांद्यावर कीबोर्ड आणि डाव्या हातात बेसची पेटी.