जोड्यांपाशी बसणारे मुख्य पंच

यशवंतरावांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि त्यांच्या षष्ट्यब्दीच्या या ग्रंथातच ती नोंदवणे मला भाग आहे. त्यांच्या बैठकीत पान मिळत नाही. अकोल्याच्या कापूसबाजारातल्या गाडीवानांच्या धर्मशाळेचा पंच म्हणून मी प्रथम त्यांच्यासमोर बसलो, त्या दिवशी एका शेठजींनी चांदीच्या तबकातून विडे पाठवले होते. यशवंतरावांनी तबक झाकून परत धाडले. म्हणाले, "शेठजींचा अर्ज आज आपल्यापुढं हाय. निकाल लागला का त्यांच्या घरी जाऊन खाऊ." शास्त्राध्ययनात केस पिकवलेल्या मनुष्याला तांबूलाचा वियोग केवढा दुःसह, हे त्या कापसाच्या अडत्याला कोणी सांगावे!

आम्ही पंच बहुतेक बाजारातलेच. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवासा झाला आणि बाजारालगतच्या हातभर जागेलाही सोन्याचे मोल आले. मग प्रत्येक अर्जात कोणा ना कोणा पंचाचे घर गुंतलेले असायचे. यशवंतरावांनी रिवाज पाडला: ज्याचे काम निघेल त्याने ते आधी सांगावे आणि उठून बाहेर जोड्यांपाशी जाऊन बसावे. पहिल्यांदा उठले ते स्वतःच. पण ते ओसरीवर खोकले की आत मंडळी त्या खोकल्याचा अर्थ लावीत. हे कळल्यावर ते जोडे हातात घेऊन विहिरीपलीकडच्या निंबाखाली बसू लागले.

एकदा त्यांचे धाकटे बंधू माधवराव यांनी धर्मशाळेचे मागचे आवार रुईच्या गाठी ठेवायला मागितले. दर्यापूरकडून येणाऱ्या गाड्यांचे बैल तिथेच सुटतात. दुसरी सावली त्यांना नाही. यशवंतराव निंबाखाली गेले. आम्ही काय केले? मुख्य पंचांचे बंधू म्हणून एकमताने आवार देऊन टाकले आणि हसतमुखाने त्यांना बोलावून आणले.

ते बसलेच नाहीत. "हा अर्ज परक्याचा असता, त देलं असतं का आवार?"

"नसतं देलं," एक पंच म्हणाले.

"मंग मी बाहीर गेलोच कुठं? मले इथंच बसवून ठेवलं तुमी."

फेरविचार होईपर्यंत मुख्य पंचाच्या जागी बसणार नाही, असे सांगून ते निघून गेले. आम्ही निकाल फिरवला. आवार बैलांकडेच राहिले. माधवरावांनी यशवंतरावांना भर रस्त्यात गाठले. "दादा, घरच्याच मानसाले काहून आडवे येऊन राह्यले?"

"माधवा, माही वखार घे. आजच घे. धर्मशाळा माह्या घरची नोहे."

माधवरावांनी वखार घेतली नाही. त्या दिवाळीला ते जेवायलाही आले नाहीत. त्यांचा पाट मात्र मांडलेला होता. मी पंक्तीत होतो; यशवंतरावांनी फारसे खाल्ले नाही.

माझ्या दुखण्यात हेच यशवंतराव रोज उशाशी येऊन बसत, आणि पंचांच्या कामाबद्दल अवाक्षरही काढीत नसत. माझ्या मुलीची मात्र आवर्जून विचारपूस करीत.

त्यांना निरोगी शतायुष्य लाभो, अशी प्रार्थना मी करतो. पण तिच्यात माझा स्वार्थ आहे. लढाई संपली, भाव कोसळले, आणि माझे जावई रिकामे झाले. मुलगी लेकरांसह माझ्या घरी आहे. पुढच्या बैठकीत धर्मशाळेचा कारभारी नेमायचा आहे आणि जावयांचा अर्ज आला आहे. यशवंतराव समोर बसलेले असले तर मी उठून बाहेर जाईन. ते नसले तर उठेन की नाही, हे मला खरोखर सांगता येत नाही.