डाव्या हाताच्या फाइली

तुमच्या आजोबांचा कॉम्प्युटर गेल्या दसऱ्याच्या आधी बंद पडला. तो मीच बंद पाडला, हे आधी लिहून टाकते. तुमच्या बाबाला मी फोनवर "जुना झाला होता, बिघडला," एवढंच सांगितलं होतं.

आपल्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, झालंच तर इस्त्री. आधी सगळं स्वच्छ पुसायचं, मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आजोबा गेल्यापासून कॉम्प्युटर वर्षातून तेवढ्याच एका दिवशी चालू व्हायचा. या वेळी मला वाटलं, नुसता वरून पुसून काय उपयोग? आतूनही आवरू.

आजोबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तुम्ही दोघं फार लहान होता. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र शाबूत होती. डाव्या हाताच्या एका बोटाने ते टाइप करायचे, इंग्रजी अक्षरांतून मराठी. मी शेजारी स्टुलावर बसून विचारायची आणि ते पडद्यावर उत्तर द्यायचे. दोन वर्षं आमचं बोलणं असं चाललं. बाबाने त्यांच्या नावाचं एक फोल्डर करून दिलं होतं, त्यात ते सगळं साठत गेलं. ते गेल्यावर तीन वर्षांत मी ते फोल्डर एकदाही उघडलं नव्हतं. ते तिथे आहे, एवढं मला पुरत होतं.

त्या दुपारी मी त्या फोल्डरला हात लावला नाही. बाहेर इतस्ततः पडलेल्या फाइली तेवढ्या पाहिल्या. कुणी कधी ठेवल्या कळेना, नावं अर्थहीन. एक उघडून पाहिली तर नुसती चित्रविचित्र चिन्हं. म्हटलं, बाकीच्याही अशाच असणार. माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यामुळे पडद्यावरच्या सूचनांची मला भीती नव्हती. "ही फाइल यंत्राला लागते, नक्की काढायची का?" असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. डब्यांवर सावधगिरीच्या सूचना छापलेल्या असतात तसंच काहीतरी असेल, असा माझा समज. काढलेल्या प्रत्येक फाइलीचं नाव मात्र मी वहीत लिहिलं. कपाट आवरताना काय टाकलं याची यादी मी नेहमीच करते, ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी पडद्यावरची केराची टोपलीही रिकामी केली आणि कॉम्प्युटर बंद केला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. अमुक फाइल सापडत नाही. ते नाव मी ओळखलं. ते माझ्या यादीत पहिलंच होतं.

जवळच्या दुकानातला माणूस घरी येऊन बघून गेला. म्हणाला, "फॉर्मॅट मारू, आजी. नवा कोरा करून देतो."

"आणि आतलं?"

"आतलं जाणार. एवढं काय आहे त्यात, पिक्चर का?"

मी त्याला चहा दिला आणि विचार करून सांगते म्हणाले.

दसरा झाल्यावर इंदिरानगरमधल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचं नाव कळलं. कॉम्प्युटरचा खोका जुन्या चादरीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन निघाले.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "लय जपून धरलंय, आजी. देव हाय का काय?"

"कॉम्प्युटर आहे. खड्डे चुकवा."

"नाशकात? त्यापेक्षा देव असता तर बरं झालं असतं."

बाईंचं दुकान पिठाच्या गिरणीशेजारी, दोन टेबलांचं. वय चाळिशीचं असेल. मी सगळं सांगितलं आणि वही पुढे केली. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काकू, वीस वर्षं दुकान चालवतेय. स्वतःच्या गुन्ह्याची यादी करून आणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं."

"त्यातलं काही परत मिळेल का?"

"थांबा, आधी वाचू तरी द्या."

लाल पेनाने त्या एकेका नावापुढे खूण करू लागल्या. "ही यंत्राची. ही यंत्राची. ही नसली तरी चालतं. यांच्यासाठी रडू नका. माझ्याकडच्या जुन्या सीडीत त्या आहेत, कॉपी करून टाकू. हजारो घरांत तीच फाइल असते." मग पेन थांबलं. "पण या खालच्या यंत्राच्या नाहीत, काकू. या कुणीतरी टाइप केल्यात."

"कशावरून?"

"नावं बघा ना. एफ, डी, एस. मग ए, एस, डी. मग नुसते तीन एफ." त्यांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. "सगळी अक्षरं डाव्या बाजूची. बंद करताना मशीन नाव विचारतं, तर हाताखाली आलं ते दाबलेलं दिसतंय. घरात कुणी डावखुरं आहे?"

 शेवटच्या चार महिन्यांत आजोबांचा डावा हात लवकर थकायचा. फोल्डर शोधून त्यात नीट ठेवणं त्यांना जमेनासं झालं असणार. जिथे जागा मिळाली तिथे, सुचेल त्या नावाने त्यांनी ठेवून दिलं. आणि मी शेजारी बसूनही ते कधी पाहिलं नव्हतं. फोल्डरमध्ये जे सुरक्षित होतं, ते आधीच्या दिवसांचं. शेवटचं बोलणं मी कचरा म्हणून काढलं होतं, वर टोपलीही रिकामी केली होती.

मी त्यांना तेवढंच सांगितलं की माझे यजमान उजव्या हाताने अधू होते.  त्यांनी खोका उघडला, आतली डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली आणि मला स्टूल दिलं.

काम करता करता म्हणाल्या, "तुमचं मशीन बंद पडलं तेच बरं झालं. चालू राहिलं असतं तर त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं असतं. ते उठलंच नाही, म्हणून आत जसंच्या तसं पडून आहे. आणि फॉर्मॅट करू दिलं नाहीत तेही बरं केलंत."

दुपारपर्यंत मी तिथेच बसून होते. शेजारच्या गिरणीचं पीठ हळूहळू टेबलावर उतरत होतं आणि बाई दर थोड्या वेळाने ते फडक्याने पुसत होत्या. एकेक नाव पडद्यावर परत येत गेलं. मी वहीतल्या नावांशी ताडून पाहत होते. दोन फाइली आल्या, पण आतून रिकाम्या निघाल्या.

"या दोन गेल्या, काकू," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही."

मग त्यांनी आपल्या सीडीतून यंत्राच्या फाइली जागेवर ठेवल्या, डिस्क परत बसवली, आणि कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू झाला. त्याला काही झालंच नव्हतं जणू.

घरी आल्यावर मी पहिल्यांदाच त्या फाइली वाचायला बसले. तेव्हा लक्षात आलं की त्यांत फक्त तेच बोलताहेत. मी तर तोंडाने विचारायची, माझं कुठे काही उमटलेलंच नाही. पानभर नुसती उत्तरं. "नको, कालचीच चालेल." "तिला सांग, अभ्यास झाल्यावर फोन कर." "पंखा कमी." "नाही दुखत." तुम्ही वाचाल तर तुम्हाला काहीच कळणार नाही. म्हणून मी एक रेघांची वही घेतली आहे. प्रत्येक उत्तर उतरवून त्याच्या वर माझा प्रश्न लिहिते. बरेचसे आठवतात, कारण रोजचेच होते. भाजी, औषध, फोन, ऊन आत आलं का.

तीन एफ नावाच्या फाइलीत एक ओळ आहे. "तसं मला कधीच वाटलं नाही. तू उगाच मनात ठेवू नकोस."

त्यांना एवढं टाइप करायला पाच मिनिटं तरी लागली असतील. म्हणजे मी काहीतरी विचारलं होतं, आणि ते साधं नसणार. चाळीस वर्षांच्या संसारात मनात काय काय साठलेलं होतं, त्यातलं कुठलं त्या दिवशी बाहेर पडलं? वर-खाली दहा वेळा वाचलं. आधीची ओळ औषधाची, नंतरची दुधाची.

वहीत ते उत्तर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. वरच्या दोन रेघा अजून कोऱ्या आहेत. रोज सकाळी वही उघडते तेव्हा आधी त्याच पानावर थोडा वेळ थांबते, आणि आठवलं नाही की पुढच्या प्रश्नाकडे जाते.