तानपुऱ्याचा भोपळा

कुणाच्याही घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं की काकू आधी पाणी मागायच्या. तहान असो वा नसो. पाणी पिऊन झालं की रिकामा पेला हातात धरून हॉलभर नजर फिरवायच्या आणि घरच्या बाईला विचारायच्या, "आता ह्यो पेला ठिवू कुठं?"

तुम्हीही कधी करून बघा. लाखांनी खर्च केलेल्या घरांत बसल्या जागी हात लांब करून पेला ठेवायची सोय नसते. पाहुणा एकतर तो मांडीवर धरून बसतो, नाहीतर गुपचूप सोफ्याखाली सरकवतो.

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो मी सजवलेल्या घरात. पुण्याला इंटिरियरचं शिकून मी कराडला आलो होतो आणि एका डॉक्टरांचं घर हे माझं पहिलं मोठं काम होतं. राखाडी सोफा, मधोमध काचेचं टेबल, भिंतीला पितळी पट्ट्या. काकू पडद्याची मापं घ्यायला आल्या होत्या. इरकली काठाची साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात टेप. त्यांनी पेला वर धरला आणि डॉक्टरांची आई टाळी देऊन हसली. "म्हैना झाला मी ह्येच म्हनतीय! त्या टेबलाला हात पोचत न्हाई माजा."

"घरात एखादा जुना चौरंग हाय का?" काकूंनी विचारलं. माळ्यावरून एक शिसवी चौरंग खाली आला. काकूंनी तो पदरानं पुसून सोफ्याच्या हाताशी ठेवला, थोडा तिरका केला आणि वर पेला ठेवला. झालं. माझ्या सहा महिन्यांच्या कामात त्या खोलीला जे घरपण आलं नव्हतं ते त्या चौरंगानं आलं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

काकू कुठं काही शिकल्या नव्हत्या. नवरा फौजेत हवालदार. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवा क्वार्टर. पिवळट भिंती, सरकारी पलंग, दोन खुर्च्या. तेवढ्यातून त्या घर उभं करायच्या. "क्वार्टर आपला नसतोय, सर," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "पर त्यातली दोन वरसं तर आपली असत्यात की." नवरा रिटायर होऊन कराडला आला आणि तिसऱ्याच वर्षी गेला. मग काकूंनी शिलाई मशीनवर पडदे शिवायला सुरुवात केली. लोक पडद्यांसाठी बोलवायचे आणि जाताना सगळं घर विचारून घ्यायचे.

डिप्लोमा माझ्या भिंतीवर होता, पण गिऱ्हाइकाची आई, सासू, आजी काकूंचं नाव काढायची. मी त्यांच्या गिऱ्हाइकांचे फेसबुकवरचे वाढदिवसाचे फोटो उघडायचो, केक कापणारी माणसं सोडून मागची खोली मोठी करून बघायचो. बायको एकदा म्हणाली, "लोक दुसऱ्याची बायको बघतात, तुम्ही काकूंच्या उशा बघता." मी हसलो नाही.

कडेगावला एका ऊसबागायतदारानं नवा बंगला बांधला. काम माझ्याकडं. फक्त पडदे काकूंचे, कारण मालकाच्या आईचा हट्ट. मालकाचे वडील निवृत्त सुभेदार. त्यांची काळी पत्र्याची पेटी होती, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली. ती मी गच्चीवरच्या खोलीत टाकायला सांगितली होती. आठ दिवसांनी गेलो, तर पेटी हॉलमध्ये खिडकीखाली. तिच्यावर गादी, गादीवर काळी घोंगडी, आणि घोंगडीवर सुभेदार पेपर वाचत बसलेले.

"या सर," ते म्हणाले. "ही पेटी लडाखला होती माज्यासंगं. आता पाव्हनं आलं की पयलं हिचंच इचारत्यात." एवढं बोलून त्यांनी पेटीच्या कडेवरून हात फिरवला. मी तीन वेळा मापं घेत असताना हा माणूस तोंडातून अवाक्षर काढत नव्हता.

आणि त्यांच्या डोक्यावर दिवा होता. मी निवडलेला इटालियन घाटाचा दिवा काढून व्हरांड्यात लावला होता. त्या जागी एक मोठा, सोनेरी-तपकिरी, वाळलेला भोपळा टांगलेला. त्याला एका बाजूनं तडा होता. तड्याच्या रेषेनंच बारीक भोकं पाडली होती आणि त्यांतून उजेड असा झिरपत होता की म्हातारा, पेटी, घोंगडी सगळं एका मधाळ रंगात आलं होतं. मी तिथं उभा राहून मत्सरानं अक्षरशः कडू झालो.

"हे कुठं मिळालं?" मी काकूंना विचारलं. न सांगण्याजोगं त्यांच्याकडं काहीच नसायचं. त्याचाही मला राग यायचा.

"मिरजेला. सतारी, तानपुरं करत्यात त्या गल्लीत माजे एक भाई हायत. वाळवताना तडा गेलेला भोपळा त्यांच्या कामाचा न्हाई. त्यो मी मागून आनते."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याच्या एका गृहसजावटीच्या मासिकाचा फोन आला. ‘माझ्या आवडीच्या दहा वस्तू’ असा लेख हवा होता, फोटोसह. मी बसलो यादी करायला. हातविणीचे गालिचे, मातीच्या मॅट कुंड्या, वेताची आरामखुर्ची, तागाचे पडदे हे चार माझे. पुढचे सहा आपोआप आले. घोंगडीची बैठक. सोफ्याच्या हाताशी चौरंग. फौजी पेटी. महाबळेश्वरकडच्या स्ट्रॉबेरीच्या करंड्यांत लावलेली झाडं. जुन्या साड्यांच्या गोधडीचं भिंतचित्र. आणि सगळ्यांत वर भोपळ्याचा दिवा. काकूंचं नाव लिहावं असं वाटलं होतं. एकदा लिहिलंही. मग खोडलं.

फोटोसाठी भोपळे हवे होते. मी मिरज गाठली. भाई सत्तरीचे असतील. भुश्शानं पांढऱ्या झालेल्या हातांनी एका तानपुऱ्याच्या दांडीला पॉलिश करत होते. मी भोपळे मागितले.

"काकूंनी पाठवलं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"तडकलेला एक पण नाही आता. सगळे गेले." त्यांनी वर छताकडं नजर टाकली. "पण काकू नड असल्याबिगर माणूस पाठवणार नाहीत." त्यांनी शिडी लावली, छताजवळच्या फळीवरून तीन भोपळे एकेक करून खाली दिले. प्रत्येक देण्याआधी बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघितला. तिन्ही अखंड होते. गोल, जड, निर्दोष. ते कशासाठी जपलेले आहेत हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही. मी ते गाडीच्या मागच्या सीटवर चादर गुंडाळून ठेवले आणि निघालो.

लेख छापून आला. फोटोत मी हसत होतो, वर दोन भोपळे लटकत होते. पुण्याहून फोन यायला लागले.

पंधरा दिवसांनी काकू माझ्या ऑफिसात आल्या. पहिल्यांदाच. पाणी मागितलं नाही, बसल्या नाहीत.

"माजं नाव न्हाई घातलं त्येचं मला काय न्हाई," त्या म्हणाल्या. "चौरंग काय माज्या बापाचा न्हाई. पर तू भाईंना सांगितलंस काकूंनी पाठवलंय म्हनून?"

इतकी वर्षं मी त्यांना ‘तुमी’ होतो, ‘सर’ होतो. तो ‘तू’ कानाखाली बसावा तसा बसला.

"काकू, मला वाटलं…"

"काय वाटलं? तानपुऱ्याचं भोपळं हायत ती. तीन वरसं वाळवल्याली. भीमंच्या काठचा मानूस एकेक निवडून आनून देतोय त्येंना. फुटका मागायचा असतोय रं, फुटका! चांगला भोपळा बल्ब लावायला नेत्यात व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "किती फोडलंस?"

"दोन."

"तिसरा घे. गाडी काढ."

मी गाडी मिरजेकडं घेतली. काकू मागच्या सीटवर भोपळा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लेकरू घ्यावं तसं. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली तेव्हा आरशातून मी बघितलं. त्या बाहेर बघत होत्या. इस्लामपूर सोडल्यावर एकदाच म्हणाल्या, "फोटू बरा आलाय तुजा." त्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाईंच्या दुकानात शिरल्या शिरल्या त्याच आधी बोलल्या. "भाई, चूक माजी हाय. तुमच्याकडं माजा शबुद चालतोय ह्ये मी चारचौघांत बोलत बसले."

"बसा काकू, बसा आधी." भाईंनी स्टूल पुढं केलं. मला बसायला कुणी सांगितलं नाही. मी दारातच उभा राहिलो.

भाईंनी भोपळा घेतला, कान लावून वाजवला, फिरवून पुन्हा वाजवला. "हा वाचला," ते म्हणाले. "दुसरे दोन?"

"भोकं पाडली," मी म्हणालो.

त्यांनी भोपळा हलकेच खाली ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एका बाईंच्या मोठ्या तानपुऱ्याला ठेवला होता एक. असा मोठा रोज येत नाही." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला, तोही तीन कप.

तो चहा पिताना मला समजलं की मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीवर जळत होतो. उशा, दिवे, पेटी यांतलं काय, फोटो बघून मी उद्या करीन. पण माझं नुसतं नाव ऐकून सत्तरीचा माणूस शिडीवर चढेल, असं एकही दुकान माझ्या वाट्याला नव्हतं. हे कळल्यानं हेवा कमी झाला नाही. उलट त्याला बूड मिळालं.

मासिकाला पत्र लिहायचं मी ठरवलं होतं. लिहिलं नाही. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढं कुठल्याशा घरात भेटल्या तर "काय सर, बरं हाय न्हवं?" म्हणायच्या. तो ‘तू’ फक्त त्या एका दिवसापुरता होता. परत ‘सर’ झाल्यावर मला तोच हवासा वाटायला लागला.

काकू कराड सोडून चालल्यात, हे मला भाईंनी फोनवर सांगितलं. मुलगाही फौजेत, जबलपूरला. सुनेची नोकरी, घरात तान्हं लेकरू. भाईंना त्यांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं. मला नाही. आमचं गाव एकच.

त्या कराडला लागूनच्या मलकापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. मी कधी गेलो नव्हतो. बोलावलं नव्हतं असं नाही, पण त्यांचं स्वतःचं घर बघायची मला भीती वाटायची. त्या दिवशी दुपारी गेलो, तर टेम्पो सकाळीच गेला होता. फौजी बायकोनं दोन तासांत घरातलं सगळं सामान बांधलं होतं.

घरमालकीण किल्ली घेऊन आली. आत काहीही नव्हतं. झाडून घेतलेली फरशी, भिंतीला खिळ्यांची भोकं, काही फिकट चौकोन.

"आवं, तुमी बगितलं न्हवतं का कवा ह्यांचं घर?" तिनं नवल केलं. "लय देखनं होतं. मी रोज च्या प्यायला हितंच यायची."

मी एकेका डागाकडं बोट करून विचारत गेलो. तिथं काय होतं? इथं? तीही हौसेनं सांगत गेली. हितं टोपलं टांगलं होतं. हितं मालकांचा फोटू. हितं मशीन. वीस वर्षं ज्याच्या मागं मी होतो ते हिनं चहाबरोबर रोज फुकट बघितलं होतं.

"आणि ह्या भिंतीला?" मी विचारलं. पश्चिमेकडच्या खिडकीसमोरची भिंत. तिच्यावर एकही खिळा नव्हता.

"तितं? तितं काय न्हवतं. लावूच द्यायच्या न्हाईत. म्हनायच्या, ही मोकळी असू दे, साडेपाचला ऊन येतं हिच्यावर."

मी घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी होते.

"थांबू का जरा?" मी विचारलं. तिनं खांदे उडवले आणि किल्ली माझ्या हातात देऊन निघून गेली. मी चपला काढल्या आणि त्या भिंतीसमोर फरशीवर बसलो.