देवाप्पाअण्णांची साडेसातची किल्ली

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. रिक्षावाला मीटरने यायला लगेच तयार झाला, तर मला वाटतं मीटरमध्येच काहीतरी गडबड असणार. नवऱ्याने विनाकारण गजरा आणला की मी आधी कारण शोधते. पुण्याहून लग्न होऊन बंगळुरूला आले त्याला सतरा वर्षं झाली, पण स्वभाव काही बदलला नाही. त्यामुळे ऑफिसचा कॉम्प्युटर हळू चालायला लागला तेव्हा मी आधी माणसांकडे बघितलं. ऑफिसात माणसं दोनच. एक मी आणि दुसरे देवाप्पाअण्णा.

आमचं ऑफिस इंदिरानगरात, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही मराठी कागदांचं कन्नड भाषांतर करून देतो. निपाणी, चिकोडी, अथणीकडची माणसं इथे नोकरीला येतात आणि त्यांच्या आजोबा-पणजोबांचे कागद मराठीत असतात. खरेदीखतं, वाटणीपत्रं, शाळा सोडल्याचे दाखले. हे काम माझ्या सासऱ्यांनी, रघुजीरावांनी सुरू केलं. पंधरा वर्षं खपून त्यांनी शब्दांची एक यादी केली होती. जुन्या मराठी कागदातला कुठला शब्द कन्नडमध्ये कसा लिहिला म्हणजे कोर्टात कुणी त्यावर बोट ठेवणार नाही, याची. पाच हजारांवर शब्द असतील. आमचं भांडवल म्हणजे ती यादी, आणि ती होती फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरवर. ज्या जुन्या फाँटमध्ये ती टाइप केली होती, तो दुसऱ्या मशीनवर नसायचा आणि तिथे यादी उघडली की अक्षरांची नुसती खिचडी दिसायची. कुणाकडून तरी नीट करून घेऊ, असं म्हणत मी सासरे गेल्यावर सात वर्षं काढली.

अण्णा चौसष्ट वर्षांचे. चिकोडीकडच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत त्यांची निम्मी नोकरी गेली. डोळे मिटून कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून नेमका कागद काढायचे, असं सासरे सांगायचे. सासऱ्यांनीच त्यांना इथे आणलं, पंचेचाळिसाव्या वर्षी कीबोर्डसमोर बसवलं आणि मराठी-कन्नड दोन्ही टाइप करायला शिकवलं. बायको गंगव्वा गेल्यापासून ते मारतहळ्ळीला मुलीकडे राहतात. पहाटे उठून भाकरीचा डबा स्वतः बांधतात, पहिल्या एक-दोन बसपैकी एखादी पकडतात आणि साडेसाताला ऑफिस उघडतात. साडेसाताला यायला त्यांना कुणीही सांगितलेलं नाही. मी येते दहाला. एकोणीस वर्षं ऑफिसची किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोट्याला बांधलेली होती, आणि टाचणी जमिनीवर पडली तरी उचलून डबीत टाकणारा हा माणूस.

गणपतीनंतर कॉम्प्युटर रडायला लागला. सुरू होईपर्यंत माझी कॉफी गार व्हायची. फाइल उघडायला सांगितली की कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकत राहायचा आणि आतून टक्‌-टक्‌ असा आवाज यायचा. दिवाळीनंतर तर मशीनने सरळ सांगितलं की डिस्क भरत आली आहे. मी चक्रावले. आमचे कागद आणि त्यांचे स्कॅन मिळून एवढी जागा खाणं शक्यच नव्हतं.

मग मी बघायला लागले, आणि एकदा बघायला लागलं की सगळं दिसतं. मी दारात आले की अण्णा पडद्यावरची एक खिडकी पटकन बंद करायचे. त्यांच्या खिशात एक छोटी वही आली होती, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेली आणि पुढे खुणा केलेली. विचारलं तर म्हणायचे, असंच. आणि समोर दयानंदचं नवं ऑफिस होतं. हा दयानंद आमच्याकडेच काम शिकला आणि रस्त्यापलीकडे आमच्याच कामाची पाटी लावून बसला. खालच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी पिताना मी त्याला आणि अण्णांना तीनदा एकत्र पाहिलं. एकदा तर दयानंद अण्णांच्या दंडाला धरून काहीतरी पटवत होता.

माझं गणित सुटलं. अण्णा रोज सकाळी अडीच तास एकटे असतात. यादी आणि जुनी भाषांतरं कॉपी करतात, वहीत खुणा करतात आणि दयानंदला नेऊन देतात. कॉपी करून करूनच मशीन बसलंय. हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अण्णा आणि चोरी, तुझं डोकं फिरलंय. मला त्याच्या भोळेपणाची कीव आली.

एका सोमवारी मी सव्वासातलाच जाऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. अण्णा आले, वर गेले. पाऊण तासाने मी चपला हातात घेऊन जिना चढले. दार लोटलं तर अण्णा कॉम्प्युटरसमोर, हातात वही, आणि पडद्यावर फायली कॉपी होत असल्याची पट्टी सरकत होती. मी विचारलं, काय चाललंय. ते दचकले आणि म्हणाले, "काय न्हाई अक्का, जरा झाडाझडती."

माझा आवाज चढला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी म्हणाले, "अण्णा, किल्ली थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या. आणि मी बोलवेपर्यंत येऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली, शर्ट वर करून करदोट्याची गाठ सोडायला लागले. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. मी तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, "सरी, अक्का," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन जिना उतरले. वही टेबलावरच राहिली. मी ती उघडली तर सगळे फायलींचे नंबर. मला पुरावाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाली बोलावली. प्रणिता नाव, नागपूरकडची, मशीन उघडताना कानातला हेडफोनही काढत नाही अशी मुलगी. मी तिला सांगितलं की मशीन सुधारलं नाही तरी चालेल, आधी यातून काय काय बाहेर गेलंय ते शोध. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि आपली तपासणी लावली.

तासाभराने ती म्हणाली की मशीनला कुणी काही केलेलं नाही, डिस्क म्हातारी होऊन मरायला टेकली आहे. जागोजागी तिला स्वतःवरचं लिहिलेलं वाचता येत नाही. न वाचता आलेली जागा ती पुन्हा पुन्हा वाचत बसते, म्हणून हळू. त्यात काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, ते असू दे, चोरीचं सांग. तिने अजून काहीतरी उघडून बघितलं. "मॅडम, या मशीनला दोन-तीन वर्षांत एकच पेनड्राइव्ह लागलाय. नाव शाल्मली."

शाल्मली मी. छपाईला कागद न्यायला तो पेनड्राइव्ह मीच लावते.

मग तिने आहे ते सगळं नव्या डिस्कवर ओढायला घेतलं आणि मुख्य फोल्डरशी येऊन अडकली. तीनशेच्या वर फायली उघडेनात. यादी त्यांतच होती. तिने तीन तऱ्हेने प्रयत्न केला आणि मान हलवली. सासऱ्यांची पंधरा वर्षं माझ्या देखत गेली होती.

प्रणिता खालच्या फोल्डरांत शिरली होती. तिने विचारलं, हे दसरा काय आहे. पडद्यावर रांग होती. दसरा २०१२, दसरा २०१३, असे या वर्षापर्यंत चौदा फोल्डर, आणि प्रत्येकात त्या त्या वर्षापर्यंतच्या सगळ्या फायलींची अख्खी नक्कल. डिस्क भरली होती ती यांनी.

मला सासऱ्यांचं बोलणं आठवलं. अण्णांच्या कचेरीत दर दसऱ्याला रेकॉर्डचे गठ्ठे सोडायचे, एकेक कागद झटकायचा, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि नव्या कापडात बांधून ठेवायचं. आमच्याकडेही खंडेनवमीला अण्णा कॉम्प्युटरला कुंकू आणि शेवंतीचा हार घालायचे आणि मला म्हणायचे, अक्का, आज मशीन माझ्याकडं सोडा. मी खूश होऊन घरी जायचे. आत बसून ते दरवर्षी गठ्ठे सोडून नवे बांधत होते, फक्त जुने टाकवत नव्हते. आणि मशीन दुखायला लागल्यावर रोज सकाळी एकेक फाइल उघडून बघत होते, जी अडखळेल तिची अजून एक नक्कल करून वहीत खूण करत होते.

प्रणिता म्हणाली, हे सगळं चुकीचं आहे. नक्कल त्याच डिस्कवर ठेवायची नसते, डिस्क पूर्ण गेली असती तर चौदाच्या चौदा गेल्या असत्या. रोज चाळून त्यांनी तिला अजून दमवलंय. पण डिस्क तुकड्यातुकड्याने मरत होती, म्हणून एक जागा गेली तरी दुसरीकडची नक्कल शाबूत होती. दसरा २०२१ मधली यादी उघडली. पाच हजार दोनशे अकरा शब्द. मी खुर्चीत बसून रडले आणि प्रणिताने हेडफोन काढला.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी ऑफिसला पोहोचले. दहाच्या आत त्यांना मारतहळ्ळीला गाठून माफी मागायची, त्याआधी वही सोबत घ्यायची, असं ठरवून. अण्णा जिन्याच्या पायरीवर बसलेले होते, मांडीवर डबा. मी बोलावलं नव्हतं तरी आले होते. कालही आला होतात का, विचारलं तर म्हणाले, दहापर्यंत बसून गेलो. काल मी प्रणिताला घेऊन अकराला आले होते.

मी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. दयानंदचं, वहीचं, फुटपाथवर उभी राहिले त्याचंही. चुकलं माझं, मी म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी एवढंच विचारलं, "यादी हाय न्हवं?"

आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग समजावल्यासारखं म्हणाले, "कागदाला वर्षातनं एकदा हात लावायचा असतोय, अक्का. न्हाईतर कसर लागतीय. मशीन बिघडलंय म्हटलं तर तुम्ही ते भंगारात घालशीला, म्हणून सांगितलं न्हाई."

मी किल्ली पुढे केली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. "आता आत एकटा बसलो की मला वाटणार, कोणतरी बघायलंय."

मी खूप आग्रह केला. त्यांनी हात पुढे केला नाही.

आता नवी डिस्क आहे. दर शुक्रवारी सगळ्याची नक्कल बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर घ्यायची, असं प्रणिताने लावून दिलंय. काम अण्णांचंच आहे, पण मी खुर्ची ओढून शेजारी बसेपर्यंत ते माउसला हात लावत नाहीत. अक्का, जरा बसा, मग करतो, म्हणतात. त्यांच्या बोलण्यात टोमणा नसतो, म्हणून मला ते जास्त लागतं.

दयानंदने त्यांना चारदा आपल्याकडे कामाला बोलावलं होतं आणि ते चारही वेळा नको म्हणाले होते, हे मला त्यानेच दर्शिनीत सांगितलं. अजूनही ते दोघं खाली कॉफी पिताना दिसले की मी खिडकीशी जाते. पाचव्यांदा अण्णा हो म्हणतील की काय, याची मला भीती वाटते, आणि म्हणाले तर मला तोंड उघडायला जागा नाही.

मी रोज साडेसाताला येते. ते पायरीवर थांबलेले असतात. मी कुलूप काढते, आत जाऊन दिवे लावते आणि हाक मारते. हाक ऐकल्यावरच ते आत येतात.