कपाटातली गाइडं

शालिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तिचा भाचा बोलत होता. मी उरलेले शिक्के मारले, प्राचार्यांना सांगितलं आणि आलापल्लीहून मिळेल ती एसटी धरली. काम आधी उरकलेलं तिला आवडलं असतं असं लिहिणार होते; पण तिला फारसं काही आवडत नसे.

शालिनी रामटेके आमच्या ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी साहित्य शिकवायची आणि मी तिथली क्लार्क. एकाच घरात भाड्यानं राहायचो, स्वयंपाक आलटून-पालटून. विषय ऐच्छिक, पोरं मोजकी... त्यातलीही तिच्या जिभेला भिऊन पळत. तिचा खरा राग गाइडांवर. पोरं छापील उत्तरं पाठ करून येत. कविता कोणतीही असो, कवीनं भावना सुंदर शब्दांत मांडलेल्याच असत. गाइड दिसलं की ती हिसकावून ऑफिसातल्या माझ्या कपाटात कोंबायची. कपाटाचं दार नीट लागत नसे, ते लाथ मारून लावायची. वर्गात तिचा एकच धोशा असे. पुस्तक खाली ठेवायचं, काय घडलं ते आधी आपल्या बोलीत सांगायचं, मग इंग्रजीत. कुणी झाडीबोलीत सांगे, कुणी माडियात. पाठ केलेलं बोलताना कुणी सापडला की ती त्याला सोलून काढी. एकाला म्हणाली होती, "तुह्यापेक्षा लाकूड डेपोतला ओंडका बरा, विकता तरी येते." वर्ग हसला. तोही हसला, आणि मग वर्षभर त्यानं तोंड उघडलं नाही.

जैनी हेमलकशाच्या पलीकडच्या गावातली, इथे होस्टेलवर राहायची. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. तिला आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायचं होतं. भाकऱ्या थापता थापता शालिनी मला सांगायची, बाकीचे पास होतात, ही पोरगी वाचते. जैनीला मात्र हे तिनं कधी सांगितलं नाही.

बारावीच्या वर्षी जैनीचा धाकटा भाऊ तापानं गेला. खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणला होता, पण नाल्याला पूर होता. ती गावाहून परतली तेव्हा वर्गात मूल गमावलेल्या बापाची कविता चालू होती. शालिनीनं नेमकं तिलाच उठवलं. ऑफिस आणि वर्ग यांच्यामध्ये पातळ भिंत, मला सगळं ऐकू येत होतं. जैनीनं गाइडातलं म्हटलं, कवीनं दुःख हृदयस्पर्शी शब्दांत मांडलं आहे.

"तुहा भाऊ मेला तेव्हा तू असंच म्हणली का?" शालिनीनं विचारलं.

जैनी माडियात काहीतरी बोलली, थोडंच, आणि खाली बसली. तास संपल्यावर शालिनीनं तिचं गाइड आणून कपाटात कोंबलं आणि दाराला लाथ मारली. दुसऱ्या दिवशी जैनी गावी गेली ती परत आलीच नाही.

जेवताना मी म्हटलं, जाऊन घेऊन ये तिला.

"काऊन? मी खोटं बोलली का?"

खोटं नाही, दुष्ट बोललीस, असं मी सांगितलं. ती जेवत राहिली. ती गेली नाही, निरोपही धाडला नाही. परीक्षेच्या दिवशी मात्र फाटकाशी उभी होती. भामरागडकडची बस आली, माणसं उतरली, बस रिकामी झाली. "चल आत," एवढंच मला म्हणाली आणि पर्यवेक्षणाला गेली.

गेल्या महिन्यात कॉलेजात शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी तिला दीपस्तंभ केलं, मायेची सावली केलं, तिच्या जाण्यानं पोकळी निर्माण केली. ज्याला तिनं ओंडका म्हटलं होतं, तोही सावलीबद्दलच बोलला. सगळं गाइडातलं. शेवटी मागच्या बाकावरून एक बाई उठली. मी तिला ओळखलं. जैनी आता गावात अंगणवाडी चालवते.

"मॅडमनं माह्या मेलेल्या भावाचं नाव काढून मले वर्गात झोडपलं," ती म्हणाली. "मी कॉलेज सोडलं. मास्तरीन व्हाचं होतं, झाली नाई. मॅडम मेल्या म्हणून मी त्याईले माफ नाई केलं."

त्या दिवशी पाठ न केलेलं तेवढंच होतं. शालिनीनं पूर्ण मार्क दिले असते, आणि त्यानं जैनीची बारावी काही भरून निघाली नसती.

सभेनंतर ती ऑफिसात आली. "बाई, माहं गाइड असंल का?"

मी कपाट उघडलं. ढिगातून तिचं गाइड निघालं, वर तिचं नाव होतं, कोपरे वाळवीनं खाल्लेले. अभ्यासक्रम कधीच बदललाय, हे आता कुणाच्या उपयोगाचं नाही, मी म्हटलं.

"उपयोगासाठी नाई नेत. माहं हाये."

पदरानं धूळ पुसून तिनं ते पिशवीत टाकलं आणि बस गाठायला निघाली. कपाटाचं दार अजूनही लागत नाही. सुतार बोलावता येईल... मी लाथ मारते.