मागच्या रांगेपासून

"मागून सुरू करा," असं म्हणत तो ताटांची चळत घेऊन थेट शेवटच्या रांगेकडे जायचा. सिंगापुरातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीचं जेवण असलं आणि वाढायला तो असला, की पुढे बसलेले पदाधिकारी ताटकळलेच. ही सवय आंदोलनाच्या मैदानावरची. पुढच्या रांगेत कॅमेरे असतात, तिथे पाणी कुणीतरी नेतंच, असं त्याचं म्हणणं.

तुम्हीही अशी मुलं पाहिली असतील, विशीत आंदोलनात उतरून सरकार हादरवणारी. हा क्लेमेंटीत आमच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत चार वर्षं राहिला, विद्यापीठात संशोधन करत. मी हिशेब तपासणारा माणूस. मलाही त्याच्यात काढायला चूक सापडली नाही.

माझी मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत चिडवायची, "दादा, यू सो क्वाएट, हाऊ टू प्रोटेस्ट लाह?"

"आवाज तिकडेच ठेवून आलोय," तो म्हणायचा.

तिकडे खटलाही राहिला होता. जमावबंदी मोडल्याचा, त्याच्यावर आणि त्याच्या जिवलग मित्रावर एकत्र भरलेला. पुढे निवडणुकीत सरकार पडलं, मित्र मंत्री झाला आणि मित्राचं नाव खटल्यातून निघालं. याचं राहिलं. यंदा याचा पासपोर्ट संपत होता. खटल्यामुळे नवा मिळेना, आणि पासपोर्टशिवाय इथला वर्क पास नाही.

तेवढ्यात मंत्री अभ्यासदौऱ्यावर इथे आले. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन जेवण ठेवलं. त्या दिवशी त्याने पहिलं ताट पुढे नेऊन मंत्र्यांसमोर ठेवलं.

"साहेब, माझ्या केसचं..."

"साहेब काय रे, गाढवा? अजून चालू आहे ती?" मंत्री श्रीखंड चाखत म्हणाले. "पीएकडे नाव देऊन ठेव."

"माझं नाव?"

"हो, पूर्ण नाव. स्पेलिंगसकट."

त्याने दिलं. काही झालं नाही. पास संपायच्या आठवड्यात मी त्याला विमानतळावर सोडलं. "एक-दोन तारखांत सुटेन, काका," तो म्हणाला. त्या बोलण्याला कशाचाच आधार नव्हता, तरी मी मान हलवली.

परवा आंदोलनाच्या वर्धापनदिनाची सभा बातम्यांत पाहिली. मंत्री बोलत होते. त्यांच्यामागे भिंतभर फलक होता. त्यावर पोलीस फरफटत नेत असलेला एक पोरगा, मूठ वर केलेला. तोच.

मी फोन लावला. तो कोर्टाच्या व्हरांड्यात होता, पुकारा व्हायचा होता.

"पाहिला, काका," तो म्हणाला. "सरकारी वकिलानेही तोच फोटो लावलाय, माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून."