पावणेदोन वेढे

माझं डोकं लवकर तापतं. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मेंढरांनासुद्धा. म्हणून पीएचडीच्या समितीतल्या मॅडमनी भर सादरीकरणात मला मधेच थांबवलं, तेव्हा मी गप उभी राहिले हेच लई झालं.

विषय होता क्रोमॅटिनची मांडणी बदलणारी एन्झाइम्स. सोपं करून सांगते. माणसाच्या एवढ्याशा पेशीत पुरुषभर उंचीहून लांब डीएनए असतो. तो तसाच कोंबला तर गुंता व्हायचा. म्हणून तो प्रथिनांच्या बारक्या गठ्ठ्यांभोवती गुंडाळलेला असतो, प्रत्येकाभोवती जवळजवळ पावणेदोन वेढे. हेच क्रोमॅटिन. गुंडाळलेल्या भागातला मजकूर पेशीला वाचता येत नाही. गरज पडली की ही एन्झाइम्स येतात आणि तेवढा भाग मोकळा करतात. कसा, ते मी पडद्यावर दाखवलं होतं. एन्झाइम येतं, दोरा सगळा सोडतं, काम झालं की पुन्हा गुंडाळतं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, सगळा सोडला तर गठ्ठा विस्कटत कसा नाही? पाठ केलेली इंग्रजी वाक्यंच मी पुन्हा म्हटली. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात शेवटची संधी, तेव्हाही इतकंच कळलेलं असेल तर नोंदणी रद्द होईल. अंबाजोगाईची बीएस्सी, नंतरची एमएस्सी, दोनदा दिलेली प्रवेश परीक्षा, सगळं मुसळ केरात. आमच्या भावकीत बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली मुलगी. मला त्या बाईचा असा राग आला की वसतिगृहाच्या जिन्यावर मी मोठ्यानं शिव्या दिल्या.

बॅग भरली आणि निघाले. आमचं घर नेकनूरजवळ, पण दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. त्या आठवड्यात कळप कडा गावच्या शिवारात होता. शिक्षण बास झालं, आता मी मेंढरं राखते, असं मायला सांगायचं ठरवूनच मी एसटीतून उतरले. पोचले तेव्हा अंधारलं होतं, माय दमली होती, म्हटलं सकाळी सांगू.

सकाळी तळ हलायचा होता. बिऱ्हाड घोडीवर लादून झालं होतं, घोंगड्यांची वळकटी आणि तिच्यावर भांडी. आमच्यात एक रीत आहे. औषधपाण्याच्या पुरचुंड्या भांड्यांत ठेवत नाहीत, हरवतात. त्या घोंगड्यांची वळकटी बांधायच्या दोरालाच जागोजागी बांधतात. निघणार तेवढ्यात एका मेंढीचं पोट फुगलं. पहाटे कुणाच्या तरी शेतातल्या ओल्या लसूणघासात तोंड घालून आली होती. माय ओरडली, ओवा-हिंगाची पुरचुंडी काढ. ती नेमकी वळकटी आणि दोराच्या मधे दबली होती. मी घाईनं गाठ सोडायला लागले.

"कावून सोडायलीस गं समदं?" मायनं माझा हात झटकला. "वळकटी सुटली की भांडी खाली. मग मेंढी बघू का भांडी येचू?"

तिनं गाठीला हातच लावला नाही. वळकटीच्या कडेनं चिंध्या लोंबत होत्या. त्यातल्या एकीला तिनं बांधतानाच गाठ मारलेली, म्हणजे ओवा इथं. तिथं तिनं दोर दोन्ही हातांत धरला. एका बाजूनं बोटभर दोर आत ओढला, तिथं जरासा फुगवटा आला, तो तळव्यानं पुढं सरकवला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढला. पुन्हा बोटभर, पुन्हा बोटभर. वेढे होते तेवढेच राहिले, वळकटी हलली नाही, आणि पुरचुंडी आपसूक बाहेर आली. मेंढीला पाजून, तिचं पोट चोळून माय उठली, तरी मी तिथंच, दोराकडं बघत. ती म्हणाली, अशी कावून बघायलीस, भूत बघितल्यासारखी?

मेंढी वाचली. शिक्षण सोडायचंय हे मी बोललेच नाही. दुपारची एसटी धरली.

जे शोधनिबंध मी घोकले होते ते आता वाचले. सगळं त्यात होतंच की! गाढवासारखी मी त्यावरून वर्षभर पिवळ्या रेघा ओढत होते. त्या एन्झाइमच्या मुख्य भागाला दोन पाकळ्या असतात, त्या डीएनएला धरतात. पेशीतली ऊर्जा खर्चून त्या उघडझाप करतात आणि दर वेळी डीएनए कणभर पुढं सरकतो, एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. गठ्ठा जागेवर. गठ्ठ्यातून प्रथिनांची शेपटं बाहेर आलेली असतात आणि त्यांवरच्या रासायनिक खुणा एन्झाइमचा दुसरा एक भाग ओळखतो. असली सगळीच एन्झाइम्स नुसती सरकवत नाहीत. काही गठ्ठा काढून टाकतात, काही त्यातलं प्रथिन बदलतात. पण माझं अडलं होतं ते इथंच.

महिन्यानं समितीसमोर मी पाण्याच्या बाटलीला ओढणी गुंडाळली आणि मायनं केलं तसं करून दाखवलं. मॅडमनी तोच प्रश्न विचारला, मग आणखी चार. शेवटी त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, मागच्या वेळी हे कुठं होतं? मी म्हणाले, कड्याला. त्या हसल्या. ज्या बाईला मी शिव्या दिल्या होत्या तिच्या पाया पडावंसं वाटलं मला. तिनं तेव्हा मला तसंच जाऊ दिलं असतं, तर मी आजही ते घोकतच बसले असते.

बाहेर येऊन मायला फोन लावला. पीएचडीची नोंदणी जायची होती, ती वाचली म्हणाले. मग सगळं सांगितलं, की तू दोर सरकवतीस तसं करणारं काहीतरी प्रत्येक पेशीत असतं, मेंढीत हाय, घोडीत हाय, तुझ्यातबी हाय, झोपेतसुद्धा चालू असतं. कळपाचा आवाज तेवढा येत होता.

मग म्हणाली, "त्याला कुनी शिकवलं?"

"ते म्हाईत न्हाई, माय," मी म्हणाले. "मला तू शिकवलंस."

"गप ए. जेवलीस का?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी हो म्हणाले, फोन ठेवला, आणि विभागाच्या पायरीवर बसून पोटभर रडले.